परशराम अण्णा आणि खालचा आवाज

निपाणीच्या स्टँडवर परशराम अण्णाने एकदा बेळगावची बस सोडली, कारण ती बेसूर होती.

बोरगावच्या एका लग्नात वाजवून आम्ही परत निघालो होतो. माझ्या पाठीवर कीबोर्ड, अण्णाच्या पाठीवर बेस गिटार आणि दोघांच्या डोक्यावर दुपारचं ऊन. कंडक्टर दारात लोंबकळत कानडीत "हत्री, हत्री", चढा चढा, म्हणून ओरडत होता. आत चक्क दोन जागा रिकाम्या दिसत होत्या. अण्णाने पायरीवर एक पाय ठेवला, मान तिरकी करून इंजिन ऐकलं आणि पाय खाली घेतला.

"ही नको, मास्तर. बेळगाव येईस्तवर ह्ये ऐकत बसायचं व्हय? डोकं उठंल."

पुढची बस पाऊण तासाने आली. ती सुरात होती, असं अण्णाचं म्हणणं. बेळगावपर्यंत मी उभ्याने आलो.

अण्णा वडगावचा विणकर. घरात चार पॉवरलूम, त्यावर साड्या निघतात. लग्नसराईत आणि गणपतीत तो आमच्या ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो. बेस म्हणजे चार जाड तारांची गिटार. मांडवात ती कुणाच्या लक्षात येत नाही. पण थांबली की गाण्याच्या पायाखालची फरशी काढून घेतल्यासारखं होतं. अण्णाचं पालुपद एकच: "वरचं समद्यास्नी ऐकू येतंय. खालचं ऐका." नवरीच्या शालूचा रंग त्याला आठवणार नाही, जनरेटर कुठल्या पट्टीत गुणगुणत होता ते मात्र महिन्यानेही सांगेल. गल्लीतून चालता चालता तो परक्याच्या दारात डोकावतो, "तिसऱ्या मागाचा पट्टा सैल झालाय बघा" म्हणतो आणि पुढे चालू लागतो. लोक बघतात. पट्टा सैलच असतो.

तर गेल्या वर्षी ह्या माणसाच्या डोक्यात प्रीअँप शिरला.

प्रीअँप म्हणजे गिटारच्या पोटात बसवायचं काडेपेटीएवढं सर्किट. चौकोनी बॅटरीवर चालतं आणि तारांचा आवाज स्पीकरकडे जायच्या आधी त्याला वजन देतं. अण्णाची गिटार इतकी वर्षं त्याच्याशिवाय सुखाने वाजत होती. पण अण्णाने एक पुण्याहून मागवला, एक बेंगळूरहून, आणि तिसरा निपाणीच्या एका म्हाताऱ्या रेडिओ मेस्त्रीकडून हाताने बनवून घेतला. पटापट बदलता यावेत म्हणून तिन्हींच्या वायरींना खटके लावले. गिटारचं मागचं झाकण उघडलं ते आठ महिने बंद झालं नाही. कार्यक्रमात अण्णा लोकांकडे तोंड करून उभा असायचा, आणि त्याच्या मागे बसलेल्या आम्हाला गिटारच्या आतड्यांचं दर्शन घडायचं.

"पुण्याचा लई गोड हाय," तो सांगायचा. "बासुंदीत वरनं आनखी साखर घाटल्यावानी. बेंगळूरच्याला तीन बटणं, अन् तिन्ही एकदमच बोलत्यात."

"आणि मेस्त्रीचा?"

"त्येचं काय कळंना बगा."

आम्हाला तर कशाचंच काही कळत नव्हतं. एकदा तालमीत त्याने मला आणि आमच्या ढोलकीवाल्या बाबूला भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि तीनदा वाजवलं. पहिला पातळ आहे, दुसरा बरा आहे, तिसऱ्याला तोड नाही, असा निकाल आम्ही एकमताने दिला.

"तिन्ही येळला एकच होता," अण्णा शांतपणे म्हणाला.

बाबू चिडला. अण्णाला भिंतीकडे बसवून त्याने स्वतः गिटार घेतली. आठ-दहा वेळा उलटसुलट बदलून नुसती एक तार छेडली. अण्णा प्रत्येक वेळी बरोबर. शेवटी तर म्हणाला, "ह्यो पुण्याचा, पर बॅटरी उतरलीया." मीटर लावून बघितलं. उतरली होती. बाबूने गिटार दोन्ही हातांनी उचलून, देवघरात ठेवावी तशी खाली ठेवली.

पण सराई तोंडावर आली. ह्या रविवारपर्यंत गिटारचं पोट शिवलं नाही तर दुसरा बेसवाला आणू, असं ऑर्केस्ट्राच्या मालकांनी बजावलं. हा निरोप द्यायला मला धाडलं. इतक्या वर्षांत मी अण्णाच्या घरी गेलो नव्हतो. तालीम मी शिकवतो त्या शाळेमागच्या खोलीत व्हायची.

त्या सकाळी मागांना सुट्टी होती. माजघरात अण्णा मांडीवर गिटार घेऊन बसला होता आणि समोर भल्यामोठ्या स्पीकरच्या पेटीवर एक म्हातारी बाई बसली होती. पदर खोचलेला, पाय लोंबते, दोन्ही तळवे पेटीच्या लाकडावर टेकलेले.

"ही आक्का," अण्णा म्हणाला. "माझी थोरली भन. कान गेल्यात तिचं. तीस वर्सं मागावर उभी हुती. मी गिटार शिकलो त्येच्या आदीच गेलते." मग गिटारकडे बघत, "कदी ऐकलंच न्हाय तिनं मला."

त्याने पुण्याचा जोडला आणि वाजवलं. आक्काने तोंड वाकडं केलं. मागाच्या खडखडाटात बोलणाऱ्या माणसांचा असतो तसला तिचा आवाज, थेट ओरडल्यासारखा: "दातात कळ येतीया!" बेंगळूरचा जोडला. "ह्यो नुसता ढुंगणाला कळतोय रं!" मी भिंतीकडे बघून हसू दाबलं.

मग मेस्त्रीचा. अण्णाने सावकाश सुरुवात केली. आक्काने डोळे मिटले. थोड्या वेळाने तिचं एक बोट लाकडावर ताल धरू लागलं, अगदी चोख.

"पोटात आला," ती म्हणाली. एवढंच, आणि पहिल्यांदा हळू आवाजात.

"गाण्यासाटनं न्हवतंच ह्ये, मास्तर," अण्णा वाजवता वाजवता माझ्याकडे न बघता म्हणाला. "मला जुनीच बरी हुती."

निरोप माझ्या तोंडातच राहिला. अण्णाचे डोळे भरले असावेत, कारण पुढच्याच वळणावर त्याचं बोट घसरलं आणि एक ठोका सुटला. मला तो कळलासुद्धा नाही. आक्काने पटकन डोळे उघडले.

"चुकलास!" ती ओरडली. "मागातला धोटा आडकल्यावानी झालं की रं मदीच!"

अण्णा हसला. मांडवात टाळ्या पडतात तेव्हा तो कधी असा हसलेला मी पाहिला नाही. मनगटाने नाक पुसत त्याने तिच्याकडे बघून मान हलवली, व्हय, चुकलो.

"मग आता पैल्यापास्नं वाजव," आक्का म्हणाली आणि तळवे परत पेटीवर टेकून नीट बसली.

अण्णाने पहिल्यापासून वाजवायला घेतलं.