जावयाच्या गाडीचा दमा

अधिक महिन्यात जावयाला काय द्यायचं ते घरातल्या बाईनं ठरवावं, हा चांगला रिवाज आहे. चामटोलीच्या दिनानाथनं तो मोडला, म्हणून पुढचं सगळं झालं.

त्याची बायको कौसाबाई, तिचं म्हणणं साधं होतं. तेहतीस अनारसे, ताटात दिवा, आणि जमलं तर चांदीची वाटी.

"वाण जाळीदार पायजे," ती म्हणाली. "अनारशाला जाळी असते म्हणून अनारसे. बत्तासे पण चालतात. भोकं पायजेत."

"भोकंच द्यायची तर चाळण दे."

"तुमी तोंड बंद ठेवा. दिवाळीला उघडलं व्हतं तेवढं पुरे झालं."

दिवाळीची गोष्ट अशी. जावई भूपेश अंबरनाथचा, शिवमंदिराजवळ राहणारा. सणाला तो आपल्या जुन्या मोटारसायकलवर त्यांच्या लेकीला, नेत्राला, घेऊन आला होता. अंगणात गाडी बंद केली तरी ती मिनिटभर खोकत होती. तेव्हा दिनानाथ भरल्या पंगतीत बोलला, "जावयबापू, हिला दमा हाय. आधी दवाखान्यात न्या, मग सासरी आणा." सगळी पंगत हसली. भूपेश हसला नाही. जेवला, हात धुतले आणि गेला तो पुन्हा फिरकला नाही. तेव्हापासून नेत्रा माहेरी एकटी यायची, रिक्षानं, आणि चहा निवायच्या आत परत निघायची. कौसाबाईनं फोनवर गोड बोलून बोलून त्याला या खेपेला कबूल केलं होतं.

"ह्या बारीला रुसून गेला," तिनं नवऱ्याला बजावलं, "तर पोरीचं माहेर तुटलं म्हणून समजा."

दिनानाथ बोलायला कडू (कारल्यानं त्याच्याकडे शिकवणी लावावी इतका), पण पोर एकुलती एक. ती आली की तो कोंबड्यांवरसुद्धा ओरडत नसे. त्यानं विचार केला. माफी मागणं त्याला जमणार नव्हतं, त्याच्या घराण्यात ते कुणालाच जमलं नव्हतं. पण दमा आपण काढला, तर बरा पण आपणच करू. दम्याला काय लागतं? हवा. गाडीला हवा कुठून जाते? एअर फिल्टरमधून. आणि फिल्टर म्हणजे नुसती भोकंच भोकं. याच्याहून जाळीदार वाण आजवर कुठल्या जावयाला मिळालं असेल?

दुसऱ्या दिवशी तो उल्हासनगरला गेला. पार्टच्या दुकानातल्या शेठनं लाल रंगाचा फिल्टर काढून दाखवला, भाताच्या मुदीसारखा निमुळता.

"काका, ये लगाओ. गाडी घोडे जैसी भागेगी."

"घोडा नको. भोक किती हाय इसमें?"

शेठचे केस याच धंद्यात पिकले होते, पण हा प्रश्न त्याला पहिल्यांदाच आला. "क्या कितना?"

"छेद. तेहतीस से जास्त पायजे. धरम का काम है."

शेठनं फिल्टर उजेडाला धरला. "तेहतीस हजार पकडो, काका. ऊपर के आपको फ्री."

"मग बांधा."

"तेल लगाके बिठाना. उसकी बाटली अलग आती है, दूँ?"

"तेल घर में है," दिनानाथ म्हणाला. (माणसाचं वाटोळं बहुतेक अशाच वाक्यानं होतं.)

रविवारी जावई नेत्राला घेऊन आला. गाडी खोकली. दिनानाथनं तोंडात सुपारी धरून ठेवली होती, ती त्यानं दातांनी आणखी घट्ट धरली. जेवायला पुरणाचे धोंडे होते. सासरा आणि जावई मांडीला मांडी लावून बसले होते, पण बोलणं सगळं नेत्राच्या मार्फत.

"नेत्रा, विचार त्यांना, तूप वाढू का."

"नेत्रा, मामांना सांग, पुरे."

"सांग त्यांना, एवढ्यानं काय होतंय."

"मी काय टॉवर आहे का तुमचा?" नेत्रा म्हणाली. "दोघं एका पाटावर बसलाय, डायरेक्ट बोला ना."

दोघांनी एकेक धोंडा तोंडात कोंबला.

जेवून भूपेश आडवा झाला. नेत्रा शेजारी मैत्रिणीकडे गेली, कौसाबाई मागच्या दाराला मोरीत भांड्यांचा ढीग घेऊन बसली. दिनानाथ पाने-पक्कड घेऊन अंगणात आला. शेतावरचा पंप त्यानं जन्मभर लाथा घालून चालवला होता, म्हणून इंजिनातलं आपल्याला सगळं कळतं अशी त्याची खात्री होती.

साईडचं कव्हर निघालं. आत काळा डबा, डब्यात फोम. फोम इतका काळा आणि चिकट झाला होता, की रंग कुठला ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. दिनानाथनं तो मागे नेऊन कौसाबाईच्या पाठीमागून मोरीच्या कट्ट्यावर टाकला, म्हटलं टाकू नंतर उकिरड्यावर. मग डबाच काढायला घेतला. दोन बोल्ट सुटले, तिसरा सुटेना. त्याला पंपाची वागणूक दिल्यावर तोही सुटला. आता डबा नको होता, आणि दिसायलाही नको होता. तो कोंबड्यांच्या खुराड्यामागे गेला.

नवीन फिल्टर कार्बोरेटरच्या तोंडाला ढिला बसत होता. सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, वरून क्लिप आवळली. राहिलं तेल. स्वयंपाकघरात डब्यात तळणीचं उरलेलं तेल होतं. सकाळी पहिले चार-पाच अनारसे कढईत हसले होते, म्हणजे विरघळून पसरले होते (अनारसा हसला की करणारी रडते), त्यामुळे तेल कसं घट्ट आणि खमंग झालं होतं. थोडं लावायचं की फार, हे शेठनं सांगितलं नव्हतं. जावयाच्या बाबतीत हात आखडता घेऊ नये, म्हणून दिनानाथनं डबा उपडा केला.

किक मारून बघावं असं मनात आलं, पण जावई झोपला होता. झोपलेल्या जावयाला उठवू नये, एवढी अक्कल त्याला होती.

उन्हं उतरली. भूपेशला रात्रपाळी होती. कौसाबाईनं दिवा लावून वाणाचं ताट दिलं. भूपेशनं वाकून घेतलं. सगळं गोडीत चाललं होतं. तेवढ्यात दिनानाथ पुढे झाला आणि दिवाळीनंतर पहिल्यांदा जावयाशी थेट बोलला.

"जावयबापू, किक मारा."

भूपेशनं किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. पुन्हा काही नाही. खोकला नाही, शिंक नाही, गाडी मेल्यासारखी गप. पाचव्या-सहाव्या किकेला आतून म्हशीच्या ढेकरासारखा एक आवाज आला, मागून काळा धूर निघाला आणि अंगणभर अनारशांचा वास सुटला.

कुंपणापलीकडून शेजारीण म्हणाली, "कौसा, अजून तळतेस व्हय ग?"

भूपेशनं कव्हर उघडलं. लाल फिल्टर टपटप गळत होता. त्यानं त्यावरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं, मग उजेडात बघितलं.

"मामा," तो हळूच म्हणाला, "ही खसखस आहे?"

"असंल," दिनानाथ म्हणाला. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "दमा मी काढला व्हता. म्हटलं, बरा पण मीच करतो. तुमचं वाण हाय ते. तेहतीस हजार भोकं हायत."

कौसाबाई डोक्याला हात लावून पायरीवर बसली. भूपेश गाडीवर वाकला होता आणि त्याचे खांदे हलत होते. जावई रडतोय, दिनानाथला वाटलं. गेलं, पोरीचं माहेर गेलं. एवढ्यात भूपेशनं मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं, पण ते हसण्याचं. नेत्रानं त्याला इतकं हसताना लग्नाच्या व्हिडिओतसुद्धा पाहिलं नव्हतं.

"भोकं बुजली ना मामा सगळी," तो कसाबसा म्हणाला. "माझा जुना फोम कुठंय? तो बसवू आणि निघू."

दिनानाथ मागे धावला. मोरीचा कट्टा रिकामा. उकिरडा पाहिला, तिथेही नाही. तो रिकाम्या हातानं परत आला.

"इथंच ठेवला व्हता. काळा, असा हाताएवढा."

"त्यो स्पंज?" कौसाबाई म्हणाली. "त्यो तर मी वापरला. मना वाटलं नेत्रानं बाजारातून आणला. अनारसे जळून कढईला धरले व्हते, घासणीनं निघंनात. साबण लावून घासली त्यानं, बघा कशी झाली. जरा पेट्रोलचा वास मारत व्हता, पण तीन पाण्यांत गेला."

दोरीवर, दिनानाथच्या बंडीशेजारी, पिवळाधमक फोम वाळत होता. ज्येष्ठातल्या उन्हानं तो पापडासारखा कोरडा झाला होता.

भूपेशनं तो हातात घेतला आणि तोंडाला लावून फुंकून बघितला. हवा पलीकडे गेली. "गाडी घेतल्यापासून हा कुणी धुतलाच नव्हता," तो म्हणाला. "मी पण नाही. म्हणून खोकायची."

मग सासरा-जावई जमिनीवर बसले. खुराड्यामागून डबा आणला (आत बसून जागा पसंत करत असलेल्या कोंबडीला उठवावं लागलं), पुसला, लावला.

"मामा, दहाचा पाना."

"घ्या. तिसरा बोल्ट जरा वाकडा झालाय."

"कसा काय?"

"पंपासारखा."

"चालतंय."

नेत्रा पायरीवर बसून ऐकत होती. टॉवरचं काम सुटलं होतं.

पहिल्या किकेला गाडी लागली. खोकला नाही, धूर नाही. भूपेशनं दोनदा रेस करून बघितलं, मग स्टँडवर लावून खाली उतरला आणि वाकून कौसाबाईच्या पाया पडला. "मामी, आजपासून सर्व्हिसिंग तुमच्याकडे. पुढच्या रविवारी येतो." लाल फिल्टर त्यानं हौसेनं पिशवीत घातला. वाण नाकारू नये, म्हणाला.

नेत्रा मागे बसली, गाडी वळणाआड गेली, आवाज विरला. दिनानाथनं एवढा मोठा श्वास सोडला, की सकाळपासून दमा त्यालाच होता असं वाटावं. मग त्याची छाती हळूहळू पुढे आली.

"काय पण म्हण," तो बायकोला म्हणाला, "मी नवा आणला म्हणून जुना भायेर निघाला. भायेर निघाला म्हणून तुझ्या हाताला लागला. मंजे बघायला गेलं तर गाडी बरी कुणी केली?"

कौसाबाईनं कढई उचलून खुंटीला अडकवली. मावळतीच्या उन्हात ती नव्या परातीसारखी चमकत होती.

"तुमीच केली," ती म्हणाली. "आता उल्हासनगरला जाल तवा तसलाच एक स्पंज आणा. पातेली राहिल्यात."