भुर्रगावची पांढरी व्हॅन

रिंकूने आयुष्यातलं पहिलं सलग वाक्य उच्चारलं ते शेजारच्या रूपरावजींना उद्देशून, भर सकाळी, घरापुढच्या ओट्यावर उभं राहून.

"सरक बे भंगार, मले जाऊ दे!"

मोहिनीच्या हातातला ओला टॉवेल हातातच राहिला. रिंकू सव्वातीन वर्षांची. आजवर तिचे शब्द झाले होते एकोणीस. मोहिनीने ते तारखांसकट एका वहीत लिहिले होते आणि वही तांदळाच्या डब्याखाली ठेवली होती. त्या एकोणिसांत एकही क्रियापद नव्हतं. आज एका दमात दोन आली, पण सोबत 'बे' घेऊन आली. आनंदाने रडावं की माफी मागावी, हे तिला कळेना.

रूपरावजी सत्तरीचे, पोस्टातून निवृत्त झालेले. दुधाची बरणी घेऊन चालले होते ते जागीच थांबले. काहीतरी उत्तर द्यायला त्यांनी तोंड उघडलंही. तेवढ्यात मोहिनी दिसली आणि तोंड मिटलं.

"लेकरू आहे... चालते, चालते," असं म्हणत ते जवळजवळ पळालेच.

मोहिनीच्या मनात ते रुतून बसलं. भंगार म्हटलेला माणूस रागावतो. हे घाबरले काऊन?

मोहिनी बी.एस्सी. होती, रसायनशास्त्र घेऊन. घरात आलेलं दूध ती दोनदा हुंगायची आणि बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख उजेडात धरून वाचायची. रिंकू बोलत नाही म्हणून तिला वर्ध्याच्या डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा ते म्हणाले होते, "काळजी करू नका. घरात भरपूर बोला, स्पष्ट बोला." मोहिनीने परतीच्या बसमध्ये त्यावर विचार केला आणि आपल्या गावी, नाचणगावात उतरेपर्यंत 'स्पष्ट'चं 'शुद्ध' करून टाकलं. त्या दिवसापासून घरात कायदा झाला, रिंकूशी पुस्तकातल्यासारखंच बोलायचं. 'मले-तुले' बंद, 'काऊन' बंद, 'बे' तर अजिबातच बंद. मोहिनी स्वतः आंजी गावची, बारा वर्षांची होईस्तोवर तिने 'काऊन'शिवाय प्रश्न विचारला नव्हता. पण आईपण आलं की माणूस स्वतःलाही नियम लावतो.

सासरे अण्णाजी तरुणपणी दंडारीत, म्हणजे गावच्या लोकनाट्यात, काम करायचे. राजा, राणी, चोर आणि शिपाई असे चौघेही तेच व्हायचे, आणि त्यांचा आवाज प्रेक्षकांतल्या शेवटच्या बैलगाडीपर्यंत जायचा. नव्या कायद्यानंतर ते नातीसमोर बसले आणि म्हणाले, "रिंकू, तू काय करून रा—" मग थांबले, घाम पुसला. "काय... करीत... आहेस?" एवढं बोलल्यावर त्यांना पाणी लागलं.

सासू मनकर्णाबाईंनी तर पहिल्याच दिवशी हात टेकले. "मले नाई जमत, बाई. जीभ मुरगळते माही."

हळूहळू दोघांनी रिंकूशी बोलणंच सोडलं. केळ द्यायचं, डोक्यावरून हात फिरवायचा, हसायचं. घर शांत झालं. मोहिनीला वाटलं, शिस्त लागली.

राहिला तो सिनेमा. पाच ते सहा या वेळात मोहिनी चौकातल्या खोलीवर दहावीच्या मुलींना विज्ञान शिकवायला जायची. तेवढा एक तास रिंकूला टीव्ही, आणि तोही मोहिनीने तपासून घेतलेला. पुलगावच्या कैलासच्या मोबाइलच्या दुकानातून तिने पेन ड्राइव्हवर 'भुर्रगाव' आणला होता. त्यात बोलणाऱ्या गाड्यांची गाणी होती. हातात पेन्सिल घेऊन तिने तो अथपासून इतिपर्यंत पाहिला. बनवणाऱ्याची गरिबी पडद्यावर लपत नव्हती. गाड्यांची चाकं फिरतच नसत, मागचं लिंबाचं झाड तेवढं पळे, आणि तेच झाड एकेचाळीस वेळा पळालं. सातही गाण्यांना चाल एकच. रेल्वेचं एक फाटक होतं, ते नऊदा उघडलं आणि नऊदा लागलं. बाई, बुवा, बस, जीप, सगळ्यांना आवाज एकाच माणसाचा, आणि त्याला सर्दी झालेली. पण भाषा? "मित्रांनो, आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने जाऊ या." असली भाषा! मोहिनीने वहीत लिहिलं, 'निर्धोक.'

आणि आता हे.

तिने रिंकूला पुढ्यात घेतलं. "बाळा, असं बोलायला तुला कुणी शिकवलं?"

"जीप."

"कुठली जीप?"

"काळी."

म्हणजे सिनेमाच. तिने सासऱ्यांना गाठलं. "मामाजी, त्या सिनेमात गाड्या काय बोलतात हो?"

अण्णाजींनी पंख्याकडे पाहिलं. "गाड्या नं... गाड्यांसारख्याच बोलतात."

"आई, तुम्ही ऐकलं का काही?"

"दूध उतू जाऊन राह्यलं," असं म्हणून मनकर्णाबाई उठल्या. दूध फ्रिजमध्ये होतं.

रिंकू झोपल्यावर मोहिनीने दुपारी सिनेमा पुन्हा पाहिला. झाड एकेचाळीस वेळाच गेलं. काळी जीप म्हणाली, "क्षमा करा, मला पुढे जायचे आहे." मोहिनीचा संशय आणखी वाढला. इतकं सभ्य काही असतं काय? पेन ड्राइव्हमध्ये दोन सिनेमे असणार. एक आयांना दाखवायचा, दुसरा पाच वाजता आपोआप सुरू होणारा. तिने हिंगणघाटला नवऱ्याला फोन लावला. सचिन तिथल्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात होता, घरी रविवारी येई.

"अवं, पोरगी बोलली नं?" मागच्या मशीनवर आवाज चढवत सचिन म्हणाला. "मंग पेढे वाट!"

"काय बोलली ते ऐकलंत का?"

"ऐकलं. रूपरावजी आहेतच जुने."

नवऱ्याकडून काही होणार नव्हतं. रिंकूचं नाव जूनसाठी दिल्यापासून मोहिनी बालवाडीच्या आयांच्या ग्रुपवर होती. तिथे तिने लिहिलं, 'सावधान! भुर्रगाव नावाच्या सिनेमात अत्यंत आक्षेपार्ह भाषा आहे. मुलांना दाखवू नये.'

परिणाम व्हायचा तोच झाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तेरा आयांनी तो सिनेमा विकत घेतला. आणि तिसऱ्या दिवशी तेराही जणी कैलासच्या दुकानासमोर उभ्या. कैलास दुपारीच स्कूटीवरून नाचणगावात आला.

"वहिनी, कुठं आहे त्याच्यात शिवी? बाया माह्या अंगावर येऊन राह्यल्या. म्हणतात, इतकं नाव ऐकून घेतला अन् त्यात काहीच नाई! एकीचं पोरगं तं पहिल्या गाण्यातच झोपलं."

"माझ्या पेन ड्राइव्हमध्ये आहे. तुम्ही दुसरी कॉपी दिली असणार."

"अवं वहिनी, एक कॉपी करता करता माह्या कम्प्युटर तीनदा बंद पडते. दुसरी कुठून आणू?"

त्याहून वाईट म्हणजे, ग्रुपवर हळूच दुसरं वारं सुटलं. 'घरात बोलायचं आणि गाड्यांवर ढकलायचं,' असं कुणीतरी लिहिलं आणि लगेच पुसलं. लगेच पुसलेलं सगळ्यांनीच वाचलं होतं. बालवाडीच्या सपना मॅडमचा फोन आला. आवाज गोड होता, म्हणून मोहिनी जास्त सावध झाली.

"मोहिनीताई, लेकरू घरात ऐकते तेच बोलते. जूनपासून रिंकूला आपल्याकडं घ्यायचं तर ती घरी कशी बोलते ते पाहावं लागेल. शनिवारी सहाला येते मी."

म्हणजे आता प्रश्न रूपरावजींचा राहिला नव्हता. रिंकू बोलली नाही तर बालवाडी गेली, आणि बोलली तर अब्रू गेली. मोहिनीने ठरवलं, गुन्हेगार पुराव्यासकट पकडायचा. शनिवारी पाचला निघताना तिने जुना मोबाइल कॅलेंडरच्या मागे खिळ्याला अडकवला, रेकॉर्डिंग सुरू केलं, आणि दहावीच्या मुलींना आम्ल आणि आम्लारी उलटसुलट शिकवून आली.

सहाला बैठक भरली. सपना मॅडम खुर्चीवर. कैलास दारात, निर्दोष माणसासारखा हाताची घडी घालून. रूपरावजींना कुणी बोलावलं नव्हतं, पण ते बाहेर खिडकीच्या गजांना धरून उभे होते. तिथे त्यांच्यासाठी एक विटांचा चौथराही रचलेला दिसला. तो मोहिनीने आजच पाहिला. रिंकू आजीच्या मांडीवर, तोंडात बोट घालून गप्प.

मोहिनीने कॅलेंडरमागून मोबाइल काढला. अण्णाजींचा चेहरा उतरला. "हे... हे चालू होतं काय?"

"आता सगळ्यांनाच कळेल," मोहिनी म्हणाली, आणि तिने बटण दाबलं.

आधी सर्दीवाल्या माणसाचं गाणं. मग टीव्हीचा आवाज एकदम बंद झाला. मग खाकरल्याचा आवाज, आणि शेवटच्या बैलगाडीपर्यंत जाणारा तो आवाज:

"मी हाय काळी जीप! देवळीचा रस्ता माह्या बापाचा! कोन आडवं येऊन राह्यलं बे?"

"मी आली नं!" हा मनकर्णाबाईंचा. "मी लाल बस. सत्तावन्न पाशिंजर हाय माह्या पोटात. तू काऊन हॉर्न वाजवून राह्यला, मेल्या?"

लांबून, खिडकीच्या बाजूने, दमेकरी आवाज आला, "घर्रर्र... पों... मी भंगार ट्रक. माह्यं टायर बसलं, मी कुठंच नाई जात."

खोलीतल्या सगळ्यांनी खिडकीकडे पाहिलं. रूपरावजी गजांवरचा गंज नखाने काढू लागले.

"म्हणजे त्या दिवशी ती..." मोहिनी पुटपुटली.

"तिनं भंगार म्हटलं का मी पों म्हणायचं असते," रूपरावजी खाली मान घालून म्हणाले. "तुम्ही उभ्या होत्या म्हणून राह्यलं."

कैलासने घडी सोडली आणि तोंडावर रुमाल धरला. मोहिनीचे कान तापले. एवढ्यात मोबाइलमधून सायरन वाजला. माणसाच्या तोंडाने वाजवलेला, बारीक आणि लांबलचक. जीप, बस, ट्रक सगळे एकदम चिडीचूप.

"आली, आली!" मनकर्णाबाई कुजबुजल्या. "पांढरी व्हॅन आली!"

आणि मग एक छोटा, खणखणीत आवाज, एकेक अक्षर धुऊन वाळत घातल्यासारखा:

"थांबा! सगळ्यांनी रांगेत उभे राहा. हात धुतले का? खोटं बोलू नका, मला वास येतो. जीप, तू काय म्हणालीस? असं बोलायचं नसतं. शुद्ध बोल. तारीख पाहिल्याशिवाय कुणीही पेट्रोल पिणार नाही!"

मोहिनीने मोबाइल कानाजवळ नेला. नऊ वाक्यं. क्रियापदं सगळ्यांत. 'पाहिल्याशिवाय' इतका लांब शब्दसुद्धा जागच्या जागी.

"ही... ही रिंकू आहे?"

"तेवढं पात्र ती कोनालेच देऊ देत नाई," अण्णाजी खालच्या आवाजात म्हणाले. "त्या सिनेमातली व्हॅन मुकी हाय, नुसती लाइट लावून फिरते. हे सगळं तिनं सोता जमवलं. पोरी, तू म्हणे शुद्ध बोला. आमाले येत नाई, मंग आमी गप्पच झालो. लेकराशी कोनी बोललंच नाई तं ते बोलन कसं? गाडीच्या तोंडून बोललं तं कायदा मोडत नाई, असं वाटलं मले."

सपना मॅडमनी पदराने डोळे टिपले. हसून की कशाने, ते सांगता येत नव्हतं. मोहिनीला एकाच वेळी लाजही वाटली आणि रागही आला. या दोन्हींनी मिळून तिच्या तोंडून जे बाहेर काढलं ते आंजीचं होतं.

"मंग काऊन नाई सांगतलं मले? मी इकडे जीव टांगून बसली, अन् तुमी सगळे—"

आजीच्या मांडीवरून सायरन वाजला. रिंकू तोंडातलं बोट काढून उभी राहिली.

"थांबा!" ती आईकडे बोट रोखून म्हणाली. "असं बोलायचं नसतं. शुद्ध बोला."

कैलास रुमालासकट बाहेर पळाला. सपना मॅडम उठल्या. जाताना त्या एवढंच म्हणाल्या, "जूनमध्ये पाठवा. फक्त माझ्या वर्गात हात तपासायचं काम माझ्याकडंच राहू द्या."

त्या रात्री ग्रुपवर मोहिनीने लिहिलं, 'भुर्रगावमध्ये काहीही आक्षेपार्ह नाही. माझी चूक झाली.' त्याने गोंधळ आणखी वाढला, कारण आता सगळ्यांना खात्री पटली की काहीतरी दाबलं जातंय. पण तो भाग वेगळा.

सोमवारी तिने दहावीच्या मुलींना दहा मिनिटं आधी सोडलं आणि घरी आली. आत जीप गुरगुरत होती. तिला पाहताच जीप थांबली, बस थांबली, खिडकीतला ट्रक विटांवरून उतरायला लागला.

"राहू द्या," मोहिनी म्हणाली, आणि जरा घुटमळली. "मलेबी घ्या नं."

सगळ्यांनी रिंकूकडे पाहिलं. रिंकूने आईला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. बिस्किटाचा पुडा मोहिनी न्याहाळायची, अगदी तशीच.

"तू फाटक," ती म्हणाली.

"फाटकाला काय बोलायचं असतं?"

"काही नाही. बोलायचं नाही. फक्त उघडायचं."

मोहिनी टीव्हीशेजारी उभी राहिली आणि तिने हात आडवा धरला. काळी जीप हळूच पुढे आली. मोहिनीने जीपकडे संशयाने पाहिलं, मग बसकडे, मग खिडकीतल्या ट्रककडे. तोंडाशी आलेलं सगळं तिने आतच ठेवलं आणि हात वर केला.