पाच प्रॉक्सी आणि एक बढती

सत्य एकच असतं, मात्र ते लोकांपर्यंत पोचवायला पाच यंत्रं लागतात. हे ओळखूनच महामंडळाने आपलं संकेतस्थळ एका मुख्य सर्व्हरवर ठेवलं आणि तळमजला धरून पाचही मजल्यांवर एकेक प्रॉक्सी सर्व्हर बसवला. प्रॉक्सीचं काम सोपं: पान एकदा मुख्य सर्व्हरवरून आणायचं, त्याची प्रत जवळ ठेवायची आणि मागेल त्याला तीच द्यायची. उठसूट मुळाशी जायचं नाही. (महामंडळात माणसंही याच पद्धतीने काम करतात, त्यामुळे यंत्रं लगेच रुळली.)

प्रती शिळ्या होतात, म्हणून एकवाक्यता कक्ष निघाला. कक्षात एक खुर्ची, एक बटण आणि ताजेभाऊ. (खरं नाव पगारपत्रकात असावं.) मुख्य सर्व्हरवर बदल झाला की बटण दाबायचं, पाचही प्रॉक्सी जुनी प्रत टाकून नवी आणतात. पण बटण म्हणजे काही दाराची बेल नव्हे. आधी प्रत्येक मजल्याने 'बदल झाला आहे' अशी खात्री करून मंजुरी द्यायची, असा नियम. मजले ही खात्री आपापल्या प्रॉक्सीवर करत. तिथे जुनीच प्रत. मग ते प्रामाणिकपणे कळवत, 'बदल आढळला नाही, सबब मंजुरीचा प्रश्न उद्भवत नाही.' कक्ष निघाल्यापासून बटण एकदाही दाबलं गेलं नव्हतं आणि एकही तक्रार आली नव्हती. (तक्रारींचा फोन नंबर मध्यंतरी बदलला, नवा अजून कुठल्याच मजल्यावर दिसत नाही.)

सोमवारी बढत्यांची यादी लागली. पान नवंकोरं, जुनी प्रतच नव्हती, म्हणून ते विनासायास सगळ्या मजल्यांवर पोचलं. उपव्यवस्थापक: ताजेभाऊ. बाहेरच्या जनतेला तळमजल्याची प्रत मिळते आणि जनतेत ताजेभाऊंच्या सासूबाई येतात. इतकी वर्षं "आमचे जावई कॉम्प्युटरच्या खोलीत असतात" असं आवाज खाली घेऊन सांगणाऱ्या सासूबाईंनी फोन करून पहिल्यांदाच "अहो साहेब" म्हटलं. ताजेभाऊंच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

चहानंतर मुख्य सर्व्हरवर यादी दुरुस्त झाली. टायपिंगची चूक होती. उपव्यवस्थापक म्हणून साहेबांच्या मेव्हण्यांचं नाव यायचं होतं. साहेबांचा संगणक थेट मुख्य सर्व्हरला जोडलेला (साहेबांना शिळं चालत नाही), त्यामुळे मेव्हणे फक्त साहेबांनाच दिसत होते.

"अहो, दाबा की ते बटण," साहेब फोनवर म्हणाले.

"लगेच दाबतो साहेब, मजल्यांची मंजुरी येऊ द्या."

पाचही मजल्यांनी कळवलं, बदल आढळला नाही.

तेवढ्यात घरून बायकोचा फोन. "आई इथे येऊन दारावरच्या पाटीचं माप घेतेय."

"अगं, त्यांना जरा थांबव. यादी बदललीय."

"कुठे बदललीय? समोर उघडून बसलेय मी. आणि तिला आता कोण थांबवणार? शेजारपाजार झाला, माहेरच्यांना फोन चाललेत."

ताजेभाऊंनी कपाळाला हात लावला. पाच प्रॉक्सी एका बटणात साफ होतील. सासूबाईंना बटण नाही. उद्या त्यांना काय तोंड दाखवायचं? नकळत बोट बटणाकडे गेलं आणि नियम आठवून मागे आलं. नोकरीत पहिल्यांदाच त्यांना नियमाबद्दल मनापासून माया वाटली.

अखेर समिती बसली. समितीने शांतपणे विचार केला. एकवाक्यता म्हणजे सगळ्यांनी एकच बोलणं. पाच यंत्रं एक बोलतात, एक यंत्र भलतंच बोलतं. बिघाड कुठे आहे हे शेंबडं पोरही सांगेल. मुख्य सर्व्हर प्रतींबरहुकूम दुरुस्त करण्यात आला आणि त्याला लेखी समज देण्यात आली.

साहेबांवरही अन्याय झाला नाही. त्यांच्या घरी दुरुस्तीआधीची प्रत भरून सहावा प्रॉक्सी बसवला. त्यावर उपव्यवस्थापक मेव्हणेच आहेत आणि बाईसाहेब रोज सकाळी पान उघडून खात्री करतात. (एकवाक्यता अहवालात घरं धरत नाहीत.) ताजेभाऊंच्या दारावर नवी पाटी लागली. ती सासूबाई येता-जाता पदराने पुसतात.

या बढतीमुळे कक्षातली खुर्ची रिकामी झाली आहे. अनुभवाची अट आहे, पण तुम्ही बिनधास्त अर्ज करा. लग्नाच्या बोलणीतली तुमची 'स्वभाव शांत, वाचनाची आवड' ही प्रत सासरी अजून चालू आहे आणि ती ताजी करायचं बटण तुम्हीही आजवर दाबलेलं नाही.