गोरक्षला दाखवण्याचा कार्यक्रम

"चार मुली उजवल्या, पण पोह्यांवर इतकं खोबरं कधी पडलं नव्हतं!" चुलीशी बसलेल्या नवसाबाई नवऱ्याच्या कानाजवळ पुटपुटल्या.

"मुली गावात द्यायच्या होत्या, गोरक्ष विलायतेत द्यायचाय!" रंगनाथराव म्हणाले. "तू बघच, चिठ्ठी घेतल्याशिवाय साहेबाला पंचवटीतून हलू देत नाही!"

गोरक्ष त्यांचा पोरका भाचा, लहानपणापासून याच घरात वाढलेला. मुंबईच्या साप्ताहिकात चित्रांवर टीका लिही, आणि ती अशी की चित्रकारांना आठवडाभर जेवण जात नसे! फर्डं मराठी बोलणारे बार्करसाहेब नोकरी संपवून लंडनला परत निघाले होते. तिथल्या चित्रवाल्या मित्रांना त्यांनी ओळखीची चिठ्ठी दिली, की पोराचं नशीब उघडणार होतं.

पण माणूस पाहुण्यांपुढे आणायची रंगनाथरावांना एकच पद्धत ठाऊक! गोरक्ष पाटावर, मान खाली. साहेब खुर्चीत, हातात बशी. आणि अगदी समोर भिंतीवर, रंगनाथरावांनी स्वतः काढलेलं गोदावरीच्या घाटाचं चित्र.

"मुलगा फार गरीब," रंगनाथरावांनी सवयीने सुरुवात केली. "घरकामाला वाघ! आणि उलटून बोलणं तर ठाऊकच नाही!"

साहेबांचा चमचा थांबला. "उलटून बोलत नाही? मग टीका कसली लिहितो? बरं, गोरक्ष, या चित्राबद्दल सांग पाहू."

नवसाबाईंनी घाईघाईने पोह्यांचं पातेलं पुढे ओढलं. त्या भिंतीपुढून घरातलं प्रत्येक माणूस आजवर पायांकडे बघतच गेलं होतं.

"चौकट... सागवानी आहे," गोरक्ष म्हणाला.

"चौकट नाही, चित्र!"

"खिळाही मजबूत आहे."

"अरे, लाजतोस काय? पाण्याबद्दल बोल! पाण्यावरच्या उन्हाबद्दल बोल!" रंगनाथरावांनी पाठीवर थाप मारली.

"पोहे घ्या ना अजून!" नवसाबाई जवळजवळ ओरडल्याच.

साहेबांनी बशी खाली ठेवून टोपी उचलली. "मुलगा गुणी आहे. पण चिठ्ठीत लिहावं असं काही बोलला नाही."

गोरक्षच्या कपाळावरून घाम ओघळत होता. भल्याभल्यांना न भिणारा पोरगा मामाच्या चित्राकडे मान वर करून बघेना! रंगनाथरावांनी भाच्याकडे पाहिलं, मग चित्राकडे, मग बायकोकडे. नवसाबाईंनी उगाचच पदर सारखा केला.

"साहेब, बसा," रंगनाथराव हळूच म्हणाले. "चित्र वाईट आहे. मिसरूड फुटायच्या आधीपासून याला ते कळतंय. लिहा चिठ्ठी."