वजनाची वाट

आमच्या वर राहणारे भोयर काका लोकांच्या भिंतींवर खडूनं रेघा मारतात. लहान पोरानं मारल्या तर दोन धपाटे घालता येतात. निवृत्त इंजिनियरला काय घालणार? प्रताप नगरातल्या आमच्या इमारतीचा एकही खांब त्यांनी कोरा ठेवलेला नाही. तुटक रेघ म्हणजे काँक्रीटमधला दाब, सलग रेघ म्हणजे सळईतला ताण. "वजन कुठून उतरते, सांग पहिले!" हे त्यांचं पालुपद दूधवाल्यालाही पाठ आहे.

मे महिन्यात मी एसी घेतला. पाइपासाठी बीमला भोक पाडायला मिस्त्री आला. मशीनचा आवाज ऐकून काका बनियनवरच खाली आले, प्लग उपटला आणि मुठीत धरून ठेवला. मग माझ्या नव्याकोऱ्या रंगावर एक तिरपी तुटक रेघ, तिच्या पायाशी आडवी सलग रेघ!

"वरचा खांब या बीमवर बसला आहे. त्याचं वजन या तिरप्या वाटेनं खाली जाऊन राहिलं, अन् तुम्ही वाटेतच भोक पाडून राहिले? त्या वजनानं जावं कुठं?"

"आणि पंचेचाळीस डिग्रीत मी कुठं जावं?" मी ओरडले.

"पाइप भिंतीतून काढ. बीमले हात नाही लावायचा."

मिस्त्री वैतागून गेला तो परतलाच नाही. आठ दिवस उकडून निघाल्यावर रविवारी सकाळी मी कडाकडा भांडायला वर गेले. दोन वर्षांपूर्वी काकू वारल्या, तेव्हापासून मी त्यांच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं.

काका छताला टांगलेल्या बंगईवर झोके घेत बसले होते. बंगईच्या दुसऱ्या टोकाला रेतीचं पोतं.

"हे काय आणखी?" मी कडाडले.

"दोघांच्या हिशोबानं टांगली होती. एकटा बसलो का तिरपी होते." पोत्याकडे न पाहता ते म्हणाले, "बावन किलो. तुझ्या काकूएवढंच भरलं."

मला माझीच लाज वाटली.

काकांनी मला एकदा नीट न्याहाळलं. "तुझं वजन किती वं?"

दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर त्याची खैर नव्हती. "छप्पन," मी सांगून टाकलं.

"चार किलोनं काही होत नाही. बस."

दोघांनी मिळून पोतं खाली उतरवलं.

"हळू," काका म्हणाले, "आपटू नको तिले."