सगळ्यांचं सामान

घराचं डीप क्लीनिंग करून घ्यावं, असा ठराव त्या कुटुंबात एकमताने मंजूर झाला. सफाई बाहेरची माणसं करणार होती, त्यामुळे एकमताला अडचण नव्हती. मात्र कंपनीची अट होती की, माणसं यंत्रं घेऊन येण्याआधी घरातली अडगळ निघालेली असावी. पसाऱ्यावर पाणी मारणं त्यांच्या धोरणात बसत नव्हतं.

अडगळ म्हणजे काय, यावर जेवणाच्या टेबलाभोवती चर्चा झाली. बाबांच्या मते अडगळ म्हणजे थोरल्याची व्यायामाची सायकल, जिच्यावर टॉवेल वाळत. थोरल्याच्या मते बाबांची रिकामी खोकी. मिक्सर कधीच मोडीत गेला होता, पण त्याचं खोकं वॉरंटीसाठी माळ्यावर होतं. धाकटीला दोघांचंही म्हणणं पटलं. तिच्या चपला-बुटांचा विषय निघाला, तेव्हा तिला अभ्यास आठवला. थोडक्यात, प्रत्येकाला दिसणारी अडगळ दुसऱ्याच्या मालकीची होती.

बाबा कचेरीतून निवृत्त झालेले. तिढा सोडवायचा नसतो, त्याला कार्यपद्धती लावायची असते, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी स्टिकर आणले. बाबा पिवळे, थोरला निळा, धाकटी लाल. ज्याने त्याने आपल्या वस्तूंना आपला रंग लावायचा. रविवारी सकाळी ज्यावर स्टिकर नसेल, ते बेवारस समजून कंपनीचा टेम्पो घेऊन जाईल.

"आणि माझा रंग?" आईने विचारलं.

"तुला कशाला वेगळा रंग?" बाबा म्हणाले. "सगळं घर तुझंच तर आहे."

ऐकायला बरं वाटलं. आई भांडी घासायला उठली.

बघता बघता घराला गोवर उठला. बाबांनी प्रत्येक खोक्याला पिवळा लावला आणि खोक्यात खोकं असेल तर आतल्यालाही. थोरल्याने तारा तुटलेल्या गिटारला आणि चार्जरच्या गुंत्याला निळा लावला. त्यातला एकही चार्जर कुठल्या फोनचा, हे त्याला सांगता येत नव्हतं. धाकटीने एका एकट्या डाव्या बुटालाही लाल लावला. "उजवा सापडला तर?" ती म्हणाली.

टेबल मात्र कोरंच राहिलं. दुपारी सगळे पांगले की आई त्याच टेबलाच्या खिडकीकडच्या बाजूला चहा घेऊन बसायची. कुणाला काही वाढायचं नाही, कुणाचं काही शोधायचं नाही, अशी तिची तेवढीच जागा.

"अरे, टेबलाला एक लाव ना," ती थोरल्याला म्हणाली.

"टेबल सगळ्यांचं आहे, आई. माझा स्टिकर मी का घालवू?"

"पाकीटभर पडलेत तुझ्याकडे."

"प्रश्न तत्त्वाचा आहे."

धाकटी म्हणाली, "दादालाच सांग. त्यावर सगळ्यात जास्त तोच खातो."

बाबांनी चष्मा पुसला. "सामायिक वस्तूला एकाने रंग लावला की पायंडा पडतो. उद्या कुणी बाथरूमला लावेल."

"मग मीच लावते एक पिवळा."

"तुला अधिकार नाही. तो रंग माझा आहे."

रविवारी टेम्पो आला. सुपरवायझर शिस्तीचा माणूस होता. स्टिकर दिसला की थांबायचं, नाही दिसला की उचलायचं, मध्ये डोकं चालवायचं नाही, असं त्याचं ट्रेनिंग होतं. टेबल गेलं, खुर्च्या गेल्या, शेगडी, भिंतीवरचं घड्याळ, झाडू, केराची बादली, सगळं गेलं. बाबा खोक्यांवर पहारा देत होते. थोरला सायकलवर जाऊन बसला, विकत घेतल्यापासून पहिल्यांदाच. धाकटी बुटांसह दार लावून आत होती.

सुपरवायझर शेवटी आईसमोर थांबला. त्याने तिला पुढून पाहिलं, मागून पाहिलं.

"मावशी, तुमच्यावर काही नाही."

"नाही."

"घरच्यांना विचारू का?"

"विचार. म्हणतील, ती काय, सगळ्यांचीच आहे."

सगळ्यांचं म्हणजे काय, हे त्याला सकाळपासून पुरतं समजलं होतं. "मग पुढे बसा ड्रायव्हरशेजारी," तो म्हणाला. "मागे हादरे बसतात."

आईने चपला पायात सरकवल्या. टेम्पो निघाला तेव्हा वर यंत्रं सुरू झाली होती. टेबलाखालचा चौकोन लख्ख झाला. बाकी जमीन स्टिकर लावलेल्या वस्तूंखाली असल्यामुळे तिला हात लावता आला नाही.

गोदामात टेबलंच टेबलं होती आणि जवळजवळ प्रत्येक टेबलाशी एक बाई बसलेली होती. एकीने आईसाठी चहा ओतला.

"तुमच्याकडे कुठले रंग होते?"

"पिवळा, निळा, लाल."

"आमच्याकडे हिरवाही होता. कुत्र्याचा."

संध्याकाळी चहाच्या वेळी फोन वाजला. सुपरवायझरने तो स्पीकरवर टाकला.

"आमच्याकडची एक व्यक्ती चुकून तिकडे आली आहे," बाबा म्हणाले.

"वर्णन सांगा."

"साधारण... नेहमीसारखी."

"कुणाची?"

"आमची. सगळ्यांची."

"सगळ्यांची चालत नाही, साहेब. कुणीतरी एकाने माझी आहे म्हणायचं आणि स्वतः न्यायला यायचं."

पलीकडे कुजबुज सुरू झाली. बाबा, तुम्ही सांगा. मीच का, थोरला आहे ना. दादा जाईल की. मी का म्हणून, भूक काय मला एकट्यालाच लागलीये?

आईने कप खाली ठेवला. आजूबाजूच्या बायकाही फोनजवळ सरकल्या.

सुपरवायझरने फोनवर हात ठेवला. "कट करू, मावशी?"

"थांब जरा," आई म्हणाली. "एखादा म्हणेलही."

फोन अजून चालू आहे. तुमच्या घरून असा फोन गेला नसेल, तर लगेच निश्चिंत होऊ नका. तुमच्याकडे संध्याकाळच्या चहाची वेळ अजून झाली नसेल, इतकंच.