शेपटीभोवतीची काजळी

तो दगड मी घरी आणला नसता, तर आज मी आमच्या म्युझियमच्या सफाई विभागाचा प्रमुख असतो आणि बायको माझ्याशी निदान पूर्वीइतकं तरी बोलत असती. पण नेमकं तेव्हाच आमच्या प्रयोगशाळेचं छत गळायला लागलं, दुरुस्तीवाले शिड्या घेऊन आत घुसले आणि मी फुशारकीनं मॅडमना म्हणून गेलो, "घरी नेतो की! आमचं जेवणाचं टेबल रिकामंच असतं."

(रिकामं कसलं! त्यावर बायको भाजी चिरते, कपड्यांना इस्त्री करते आणि आम्ही दोघं जेवतो. पण हा तपशील मला त्या क्षणी सुचला नाही. बायकोशी संबंधित तपशील मला त्या क्षणी सहसा सुचत नाहीत.)

सफाई विभाग म्हणजे झाडू मारणारे नव्हेत, हे आधीच सांगतो, कारण सासरी अजून तोच समज आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेल्या प्राण्यांची हाडं खडकात रुतून बसलेली असतात. भिंगातून बघत, सुईनं खरवडत, ओल्या बोळ्यानं पुसत ती मोकळी करायची, हे माझं काम. नोकरी आणि लग्न एकाच वर्षीचं, म्हणजे सव्वीस वर्षं झाली. मॅडम नव्या लोकांना मुद्दाम माझी हाडं दाखवतात. (म्हणजे मी साफ केलेली.) घरात मात्र मी सव्वीस वर्षांत एक कप विसळलेला नाही, हे बायको पाहुण्यांना चहा देताना न चुकता सांगते.

तर तो दगड. ताटाएवढा, आणि त्यात कबुतराएवढा प्राणी अंग पसरून पडलेला. जबड्यात बारीक दात, हाडांची लांब शेपूट, पंजाला तीन बोटं. मॅडमनी दगडाचा नुसता एक्स-रे पाहिला होता, तरी त्यांचे डोळे चमकत होते. "हा मधला असू शकतो," त्या म्हणाल्या. "पिसं मिळाली तर प्रमुखाच्या जागेसाठी तुमचंच नाव पाठवते."

मधला म्हणजे काय, तेही सांगून टाकतो. डायनासोरांच्या एका शाखेतून पक्षी झाले, हे हाडांवरून ओळखता येतं. पण दात आणि शेपूट तिकडची, पिसं इकडची, असा मधल्या टप्प्यावरचा प्राणी सापडला, की वाद घालणाऱ्याच्या नाकासमोर धरता येतो. आमच्या म्युझियमला असा मधला कधीच मिळाला नव्हता. ज्यांची पिसं मिळालीच नाहीत, असे नुसते दातवाले सात जण कपाटात धूळ खात पडलेत. तेही मीच लख्ख केलेत.

दगड टेबलावर ठेवला तेव्हा बायको कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"हे किती दिवस?"

"दोनेक आठवडे."

"आणि जेवायचं कुठं?"

"तू बघ ना काहीतरी."

तिनं मोबाइल घेतला, दगडाचा फोटो काढला आणि बहिणीला पाठवला. खाली काय लिहिलं, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. दोन आठवड्यांचे सात झाले आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवत राहिलो.

तिसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं, की शेपटीभोवती आणि हातांभोवती दगड काळपट दिसतोय. टेबल स्वयंपाकघराच्या दाराशीच. माझं डोकंच फिरलं.

"तुझ्या तळणीचा धूर बसलाय सगळा!"

"माझ्या तळणीचा? ते काळं पहिल्या दिवसापासून आहे."

"तुला दगडातलं काय कळतं?"

"दगडातलं नाही कळत, धुरातलं कळतं." ती वाकून बघायला लागली. "बारीक रेघा आहेत बघा, एकीशेजारी एक. धूर असा विंचरल्यासारखा बसतो का?"

"मग खाणीतली काजळी असेल."

"माझ्याकडे पहिल्या दिवसाचा फोटो आहे. दाखवू?"

"मला काम करू दे."

(पुरावे खणून काढायचा पगार घेणारा माणूस मी. पुरावा दोन हातांवर होता, चार्जिंगला लावलेला.)

मी आजवर पिसं पाहिली होती ती प्लास्टरच्या साच्यांमध्ये, खोल उमटलेली. काळा डाग म्हणजे मळ आणि मळ म्हणजे पुसायचा, एवढंच माझ्या हातांना ठाऊक. मी रोज थोडं थोडं पुसत गेलो. बायकोनं आणखी एकदा सांगितलं. मी मान वर केली नाही. तिसऱ्यांदा तिनं बोळाच हातातून काढून घेतला आणि म्हणाली, "पुरे आता, जेवायला चला." त्यामुळे डाव्या पंजाखालचा नखाएवढा ठिपका राहून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळीच मॅडम बघायला येणार होत्या. त्या ठिपक्याची मला फार रुखरुख लागली.

मॅडम आल्या, भिंग लावून बराच वेळ बघत बसल्या.

"हाडं सुंदर झालीत," त्या म्हणाल्या. माझी छाती फुगली. "पिसं?"

"नाहीत मॅडम. कुठंच नाहीत."

त्यांचा चेहरा पडला. "मग हा आठवा," त्या म्हणाल्या आणि भिंग खाली ठेवलं. तेवढ्यात बायको चहा घेऊन आली.

"ते काळं होतं, ते दाखवलंत का यांना?"

"कसलं काळं?" मॅडम.

"काही नाही," मी. "काजळी होती. एक ठिपका राहिलाय, आत्ता पुसतो."

"हात लावू नका!" मॅडम इतक्या जोरात ओरडल्या, की बशीतला चहा माझ्या पायावर सांडला. त्या ठिपक्यावर भिंग धरून त्या वाकल्या. वर बघेनात. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "वहिनी, हे आधी केवढं होतं?"

बायकोनं मोबाइल पुढे केला. फोटोत दगड, शेजारी ताटांची चळत, एक चमचा आणि कडेला माझं कोपर. मॅडमनी बोटांनी फोटो मोठा केला. शेपटीच्या दोन्ही बाजूंना आणि दोन्ही हातांना, पंखा उघडावा तशा काळ्या बारीक रेघा. पिसं. प्राणी गेला तेव्हा जशी होती तशी, सगळी. एवढी कोट्यवधी वर्षं टिकली होती, माझ्या टेबलावर सात आठवडे टिकली नाहीत.

"तुम्हाला कोणी काहीच म्हणालं नाही?" मॅडमनी मला विचारलं.

"मी म्हणाले होते," बायको म्हणाली. "तीनदा."

प्रमुखाच्या जागेवर दुसरा माणूस आला. ठिपका खरा निघाल्यामुळे फोटोही खरा ठरला, चमच्यावरून मापं काढता आली आणि आमच्या म्युझियमला मधला मिळाला. शोधनिबंधात बायकोचे आभार आहेत. माझा उल्लेख आहे, पण तो 'नमुन्याचे झालेले नुकसान' या परिच्छेदात. आता मॅडमचा फोन आला आणि मी उचलला, तर त्या म्हणतात, "वहिनींना द्या."

दालनात दगडाशेजारी तो फोटो भिंतभर मोठा करून लावलाय. उद्घाटनाला आम्ही दोघं गेलो. लोक फोटोसमोर थांबत होते, मग दगडाकडे बघून चुकचुकत होते. मला राग आला. तिचा. तिचं बरोबर होतं म्हणून. आणि मग स्वतःची इतकी लाज वाटली, की मी दाराशी जाऊन उभा राहिलो.

घरी आल्यावर ती टेबलाशी बसून म्हणाली, "दगडाचं सोडा हो. सव्वीस वर्षं मी काहीही बोलले, की तुम्हाला तो धूरच वाटतो."

तिनं चहा केला, आम्ही प्यायलो. मग मी उठलो, दोन्ही कप घेतले आणि आयुष्यात पहिल्यांदा ते विसळायला बेसिनशी जाऊन नळ सोडला. वाटलं, इथून सुरुवात करू.

ती धावत आली आणि माझ्या हातातून कप काढून घेतले.

"राहू द्या," ती म्हणाली. "त्यांच्यावर फुलं आहेत."